सोजरमावशींचा सव्वा महिना

सोजरमावशी पहिल्यांदा आमच्या घरी आल्या त्या माझी मालिश करायला, आणि त्यांनी मालिश केली कुत्र्याची. मी बाळंतीण. लेक सहा दिवसांची, आदल्याच दिवशी पाचवी पुजून झालेली. आई लवकर गेल्यामुळे माझं बाळंतपण माहेरी न होता कळंबच्या भाड्याच्या घरातच चाललं होतं. "कळंबातल्या निम्म्या पोरांची डोकी ह्याच बाईनं गोल केल्यात," अशी शिफारस शेजारणींनी केल्यावर नवऱ्यानं मावशींना निरोप धाडला. त्या आल्या, पायरीवर पाय धुतले आणि उंबऱ्यातच थबकल्या.

समोर राजा उठायचा प्रयत्न करत होता. राजा म्हणजे आमचा कुत्रा. वय वर्षं तेरा, जात विचारू नये. पाहुणा आला की उठून उभं राहायचं, हा त्याचा लहानपणापासूनचा शिष्टाचार. पुढचे पाय उभे राहिले, मागचे चकचकीत फरशीवर दोन दिशांना फाकले आणि तो धप्पकन खाली बसला. मग काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं शेपटी हलवायला लागला.

"कवापासून आसं?" मावशींनी विचारलं.

"वय झालंय मावशी त्याचं," मी आतून म्हणाले.

"वय माझंबी झालंय. मला न्हाय कुणी आरशावर बसवलं."

अंगानं वाळकी, ठेंगणी बाई. हात मात्र दुसऱ्या कुणाचे तरी मोठ्या मापाचे आणून बसवल्यासारखे. ते हात पदराला पुसत त्या राजाजवळ बसल्या आणि त्याचं नाव विचारलं. मी सांगितलं. "राजाभाऊ," त्या त्याला म्हणाल्या, "पाय द्या बरं." त्यानंतर अर्धा तास माझ्या वाट्याचा वेळ राजाभाऊंनी खाल्ला. मी खाटेवर पाठ धरून पडलेली, लेक टाहो फोडतेय, कोमट केलेलं तेल वाटीत गार होतंय. अखेर मावशी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं काय, तुमी तरण्या. तुमी उठचाल."

कुत्र्याला अहोजाहो कशाला, असं नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी हसत विचारलं. मावशींना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "मानसाच्या हिशेबानं सत्तरीचं हाय ते. सत्तरीच्या मानसाला आरंतुरं करावं व्हय?" नवरा तेव्हा पस्तिशीचा होता, त्यामुळे त्याला त्या शेवटपर्यंत अरेतुरे करत राहिल्या.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी सांगताना मला आजही बरं वाटत नाही. मी स्वतः जनावरांची डॉक्टर आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरं फिरवण्यात माझी हयात चालली आहे. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे कसे हलते ठेवावेत, यावर आमच्या पुस्तकात एक अख्खा धडा होता, पण परीक्षेला येत नाही म्हणून आम्ही तो कुणीच वाचला नव्हता. राजाला वेदनेच्या गोळ्या मी देत होते. रक्तही तपासलं होतं, त्यात काही दोष नव्हता. कंबरेचे सांधे तेवढे झिजले होते. पण गरोदरपणात त्याला उचलणं मला जमेना. नवरा रोज एसटीनं धाराशिवला कॉलेजवर शिकवायला जाई, तो संध्याकाळी परत येईपर्यंत राजा पडल्या जागी घाण करी आणि तोंड भिंतीकडे फिरवून बसे. ते तोंड फिरवणं मला बघवत नव्हतं. म्हणून मी ठरवून टाकलं होतं. बारसं झालं की त्याच्या पुढच्या रविवारी धाराशिवहून माझा एक वर्गमित्र येणार होता, राजाला शेवटचं इंजेक्शन द्यायला. माझ्या हातून झालं नसतं.

हे मी मावशींना तिसऱ्या दिवशी सांगितलं. माझ्या पाठीवरून फिरणारा त्यांचा हात थांबला.

"बाळंतिणीला उठायला किती दिस देत्यात?"

"सव्वा महिना."

"मंग ह्येंना काहून रविवार?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मावशी म्हणाल्या, "सव्वा महिना मला द्या. त्यात न्हाय उठले राजाभाऊ, तर मंग तुमी आन् तुमचा त्यो सुईवाला काय करायचं ते करा. म्या आडवी येणार न्हाय." मी त्याच दिवशी वर्गमित्राला फोन करून यायचं पुढं ढकल म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं. आमच्याकडे एका मालिशवाल्या बाईंचा सल्ला घेतलाय, हे सांगायला मला लाज वाटली, म्हणून बाळाला सर्दी झालीय असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मावशी डोक्यावर बारदानाचा गठ्ठा घेऊन आल्या. आडत दुकानातून रिकामी पोती उसवून आणली होती. बघता बघता बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळी फरशी बारदानाखाली गेली. संध्याकाळी नवरा आला आणि दारातच थांबून म्हणाला, "तुरीचा भाव काय निघाला आज?" पण राजा बारदानावर पहिल्यांदा उठला तेव्हा त्याचे मागचे पाय घसरले नाहीत. ते थरथरले, वाकले, पण जागेवर राहिले. तेरा वर्षांची कंबर आणि दहा रुपयांचं पोतं! माझ्या पदवीनं घरातली फरशी कधी बघितलीच नव्हती.

मग गादी. त्यासाठी बशीरभाई आले. बशीरभाई गादीवाले, तीन पिढ्यांचं कापूस पिंजायचं दुकान. त्यांनी राजाला आडवा, उभा, वेटोळं घालून असा तीन प्रकारे मोजला आणि वहीत लिहून घेताना मावशींना म्हणाले, "खाला, मी लग्नाच्या गाद्या भरणारा माणूस. लोक विचारले तर काय सांगू?"

"सांगा, जावयाची हाय," मावशी म्हणाल्या. "कापूस दाबून भरा. मऊ भरचाल तर रुतून बसत्याल न् उठता यायचं न्हाय."

बशीरभाईंनी गादी खरंच झकास भरली, आणि कडेला लाल गोटही लावला. लग्नाचा माणूस, त्याच्या हाताला सवय.

मावशींचं सगळं शास्त्र बाळंतिणीचं आणि बाळाचं. तेच त्यांनी उचलून चार पायांवर बसवलं होतं. माझ्याकडे एक जुनं मऊ लुगडं होतं, आईचं. ते त्यांनी मधोमध टरकावलं. अर्धं माझ्या पोटाला घट्ट बांधलं, अर्धं राजाच्या पोटाखालून घेऊन वर दोन टोकं हातात धरली, झोळीसारखी. त्या झोळीनं त्या त्याला उभं करत, पण वजन स्वतः घेत नसत. "आपून उचलायचं न्हाय. त्ये उठत्यात, आपून निस्तं हाय म्हनून सांगायचं." मिठाची गरम पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघत आणि मगच त्याच्या कंबरेला लावत. माझ्या लेकीच्या अंघोळीचं पाणीही त्या तसंच बघत. दुखऱ्या जागेवर एकदम हात कधी ठेवत नसत. डावा खुबा जास्त दुखायचा, तर सुरुवात उजव्या खांद्यापासून. मी विचारलं तर म्हणाल्या, "भांडनाच्या घरी जायचं आसंल तर आधी शेजारच्या घरी पानी प्यावं." पुढं मी तो परीक्षेला न येणारा धडा काढून वाचला. त्यात हेच दोन पानं लांबवून लिहिलं होतं, आणि शेजारच्या घरचं पाणी त्यात नव्हतं.

दोन आठवड्यांत राजा झोळीच्या आधारानं फाटकापर्यंत जायला लागला. नंतर मात्र गाडी अडली. तिसऱ्या आठवड्यात तो आठ पावलांवर धापा टाकून बसायला लागला. गोळ्या त्याच, मालिश तीच, मग बिघडलं कुठं? मी काळजीत. सव्वा महिन्यातले तेवीस दिवस संपलेले. शेवटी मी त्याला धरून वजनकाट्यावर उभं केलं. तब्बल तीन किलो वाढले होते.

मला कळेना. भाकरी मी मोजून देत होते. दुसऱ्या दिवशी खाटेवर डोळे मिटून पडले आणि कानोसा घेतला. मावशींचा दबका आवाज आला, "घ्या राजाभाऊ. बाईला सांगू नका." मी उठून बघितलं, तर माझ्यासाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांतला एक अख्खा लाडू राजाच्या तोंडात. रोज एक, कधी दोन! डिंक, खारीक, खोबरं, गूळ, साजूक तूप. बाळंतिणीची कंबर ज्यानं भरते, त्यानं राजाभाऊंची का भरू नये, हा मावशींचा सरळ हिशेब.

मी भडकले. कुत्र्याला गूळ-तूप चारू नये, सांधे झिजलेल्याला तर वजन म्हणजे वैरी, असं बरंच काही बोलले. मावशीही तापल्या. "आमी आजवर खाऊ घालून मानसं उभी केली. उपाशी ठिवून उभं करायचं म्या कुठं बघितलं न्हाय!" आणि पदर झाडून निघाल्या.

मी धावत गेले, धावत म्हणजे बाळंतीण धावते तेवढं. फडक्यात तीन किलो ज्वारी बांधली आणि ती मावशींच्या कमरेला आवळली. "आता दहा वेळा उठा-बसा," म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की लेकीला घेऊन आत पळावंसं वाटलं. पण बाई जिद्दीची. एक, दोन, तीन. पाचव्याला गुडघ्यावर हात आला. सातव्याला त्या बारदानावरच बसल्या, राजाच्या शेजारी. दोघं एकाच लयीत धापा टाकत होते. मग त्यांनी फडकं सोडलं, राजाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चुकलं राजाभाऊ. म्या तुमच्या पाठीवर पोतं दिलं." मग माझ्याकडे वळून, "लाडू बंद. तुमचेबी."

माझे का, ते मला अजून कळलेलं नाही.

वजन उतरवायचं तर चालवायला हवं, आणि चालवायचं तर सांध्यावर भार येतो. हा पेच पाण्यानं सुटतो, हे मला आता धडा वाचून कळलं होतं. मोठ्या शहरांत त्यासाठी काचेच्या टाकीत चालणारा पट्टा असतो म्हणे. आमच्याकडे घरमालकांच्या मळ्यातला हौद होता. विहिरीशेजारी, राजाच्या छातीएवढं पाणी, आत उतरायला गुरांसाठी केलेला उतार. मोटार चालू झाली की विहिरीचं कोमट पाणी हौदात पडायचं. थंडीचे दिवस होते, वाफ निघायची. अडचण एवढीच की राजाचा व्यायाम थ्री फेजच्या वेळापत्रकावर आला. कधी सकाळी लाईट, कधी दुपारी. मावशी लाईट आली का बघायला कान मोटारीकडे लावून बसत. नवऱ्याला कॉलेजची सुट्टी लागली होती, तो राजाला दुचाकीवर मधे बसवायचा, मागं मावशी झोळी धरून. कळंबच्या रस्त्यानं हे तिघं निघाले की दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर यायचे. "मावशी, कुत्रं कुठं निघालं?" "न्हायला!" मावशी मान ताठ ठेवून सांगत. "तुमीबी न्हात जावा."

हौदात राजा पहिले दोन दिवस नुसता उभा राहिला. तिसऱ्या दिवशी लुगडं खोचून मावशी स्वतः उतरल्या आणि त्याच्यापुढं उलट्या चालत गेल्या. तो त्यांच्यामागं गेला. पाण्यात त्याचे मागचे पाय एकामागून एक उचलले जात होते, जमिनीवर विसरलेली गोष्ट आठवल्यासारखे. मी काठावर लेकीला घेऊन बसले होते आणि मला रडू आलं. मावशी हौदातून ओरडल्या, "रडू नका, दूध आटंल!"

सव्वा महिना भरला त्या दिवशी रीतीप्रमाणे मी लेकीला घेऊन विहीर पुजायला निघाले. मळ्याच्या फाटकापासून विहिरीपर्यंत दोनशे पावलं तरी असतील. मावशी म्हणाल्या, "राजाभाऊबी येत्याल. त्येंचाबी सव्वा महिना झाला." झोळी त्यांनी घडी करून खांद्यावर टाकली होती, राजाला लावली नाही. तो निघाला. बाभळीपाशी बसला. आम्ही सगळे थांबलो, नारळ, हळदीकुंकू, लेक, सगळ्यांसकट. तो उठला, परत चालला, बांधावर पुन्हा बसला, पुन्हा उठला आणि विहिरीच्या काठाला जाऊन मुतला. आपल्या पायांवर उभा राहून, मागचा एक पाय किंचित उचलून! मावशींनी आधी मला कुंकू लावलं, मग राजाला. तेवढ्यात नवऱ्यानं विचारलं, "नक्की गुण कशाचा आला? गोळ्यांचा, मालिशीचा, की पोत्यांचा?" मावशी म्हणाल्या, "गप रे. देवाच्या दारात मोजमाप काढतोस."

रजा संपून मी कामावर गेले, तशा मावशी शनिवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसायला लागल्या. बाळंतिणींचं काम तसं कमीच झालं होतं. "आता पोरी मोबाइलमधी बघून मालिश करत्यात," त्या सांगत, तक्रारीच्या सुरात नव्हे, पाऊस कमी झालाय असं सांगावं तसं. गोठ्यावरचे, मेंढपाळांचे, आडतीवरचे म्हातारे कुत्रे यायला लागले. औषध मी लिहायचं, हात त्यांनी लावायचा. बैल घेऊन आलेले शेतकरी आधी हसत, मग बघत राहत. एकदा गुडघे धरून आलेले एक आजोबा म्हणाले, "सोजरे, आमचंबी बघ की." मावशींनी मान वर न करता उत्तर दिलं, "आधी चार पायाचे. दोन पायाची लाईन त्याच्या मागं."

त्या खोटं मात्र कुणालाच सांगत नसत. ट्रॅक्टरखाली सापडलेला एक मेंढपाळाचा कुत्रा आला होता, मागचं अंगच गेलेलं. मावशींनी पंधरा मिनिटं हात फिरवला आणि त्या माणसाला म्हणाल्या, "चालायचा न्हाय दादा. पन दुखणार न्हाय यवढं करू. चालंल का?" तो म्हणाला, "चालंल." मी इतकी वर्षं डॉक्टरकी केली, पण एवढं कमी शब्दांत मला कधी सांगता आलेलं नाही. आता माझी बदली परंड्याला झाली आहे. इथं व्हरांडा मोठा आहे, पण त्यात बसायला तसं कुणी नाही.

राजा त्या सव्वा महिन्यानंतर दीड वर्ष चालला. माझी लेक त्याच्या पाठीला धरून उभं राहायला शिकली. पुढं, आम्ही कळंबलाच असताना, त्याच्या किडन्या गेल्या. आठ दिवस मी सलाईन लावलं. तो खाईना, पाणी ठेवलं की तोंड फिरवी. जी मी कधीकाळी बारशानंतरचा रविवार ठरवून मोकळी झाले होते, त्या माझ्यानं आता दिवस ठरवेना. नवव्या दिवशी मावशी आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, "मावशी, अजून एक सव्वा महिना मागा ना."

त्यांनी खांद्यापासून शेपटीपर्यंत दोनदा हात फिरवला. "कंबर आसती तर मागितला आसता," त्या म्हणाल्या. "ह्ये आतलं हाय. मागू नये." मग म्हणाल्या, "त्या सुईवाल्याला बोलवू नका बाई. तुमीच द्या. ह्येंना तुमचा हात ठावा हाय."

सकाळचे दहा वाजले होते. मावशी गादीशेजारी बसल्या आणि रोजच्या क्रमानं मालिश सुरू केली. उजवा खांदा, उजवा पुढचा पाय, डावा पुढचा. राजानं डोळे मिटून घेतले. त्या मागच्या उजव्या पायावर आल्या तेव्हा मी सुई दिली. त्यानं एकदा लांब श्वास सोडला, बशीरभाईंच्या लाल गोटावर हनुवटी टेकली आणि मग काही नाही. मी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत बसले. काही ऐकू येत नव्हतं तरी ऐकत बसले.

"मावशी," मी म्हणाले, "झालं."

त्यांनी मान वर केली नाही.

"तुमचं झालं. माझा एक पाय राह्यलाय."

आणि तो मागचा डावा पाय त्यांनी खुब्यापासून एकेका बोटापर्यंत, रोज जेवढा वेळ लागायचा तेवढाच वेळ घेऊन चोळला, सरळ केला आणि गादीवर अलगद ठेवला.